तळ्याकाठची केमरं आणि केळ्याचं क्रम्बल : भादव्या-आश्विनात भाजायचं कसं?

वाघूरकाठ

राम राम मंडळी. पाऊस ओसरला की तलावाकाठच्या घरांत दिवेलागणीला केमरांचे, म्हणजे दिव्यावर येणाऱ्या बारीक किड्यांचे, थवे सुरू होतात. जळगावचा मेहरूण असो, धुळ्याचा नकाणे असो की हतनूरचं बॅकवॉटर, सगळीकडे तेच. नेमकं याच दिवसांत घरात केळी भरपूर असतात आणि सणासुदीला काहीतरी गोड भाजायचं असतं. जाणकारांना तीन प्रश्न आहेत.

१. संध्याकाळी ओट्यावर, पिठात, फळांवर पडणारे हे किडे नक्की कोणते? अंगाला घातक आहेत का?
२. फवारा न मारता स्वयंपाकघर दोन तास तरी मोकळं कसं ठेवायचं?
३. केळ्याचं साधं क्रम्बल: खाली फळ, वर तुपातल्या पिठाचा चुरा. चुरा कधी लगदा होतो, कधी दगड. प्रमाण आणि चुका दोन्ही सांगा. ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) २८ लिटरचा, भांडं ८ इंची काचेचं.

तापीतीर

पहिल्या प्रश्नाचं सांगतो. "पाण्यावरची पाखरं" म्हणून आपण जे एका नावात कोंबतो त्यात या दिवसांत निदान तीन-चार वेगळे किडे असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

सगळ्यात जास्त संख्या केमरांची, म्हणजे न चावणाऱ्या, डासासारख्या दिसणाऱ्या माशीची. डासापासून ओळखायची सोपी खूण: डासाला लांब सोंड असते, हिला नसते. भिंतीवर बसल्यावर पुढचे पाय उचलून धरते. नराच्या मिशा पिसासारख्या फुललेल्या असतात, साध्या भिंगातूनही दिसतात.

हिची अळी तळाच्या गाळात वाढते. गाळात प्राणवायू कमी, म्हणून कित्येक जातींच्या अळीच्या अंगात आपल्या रक्तासारखं हिमोग्लोबिन असतं आणि ती लालभडक दिसते. तलावाच्या काठचा गाळ मूठभर घेऊन पांढऱ्या ताटलीत पाण्यात कालवा, दोऱ्यासारख्या लाल वळवळणाऱ्या अळ्या दिसतील. पावसात शेतातली माती, खत, गावचं सांडपाणी तलावात येतं, पाऊस थांबला की पाणी निवळतं, वारा पडतो आणि पाणी अजून कोमट असतं. अळीला खायला भरपूर, म्हणून दोन-तीन आठवड्यांत पिढीमागून पिढी बाहेर पडते. भादव्याच्या अखेरीपासून दिवाळीपर्यंत जोर असतो तो यामुळे.

बाहेर पडलेली माशी फार तर काही दिवस जगते, त्या दिवसांत जवळजवळ काही खात नाही. ती तुमच्या केळ्यासाठी येत नाही, दिव्यासाठी येते. हे एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचे उपाय आपोआप सुचतात.

मेहरूणबोर

तापीतीर भाऊ, हाई एकदम बरोबर शे. फळावर घोंगावतात ती चिलटं, ती वेगळी. त्यांचे डोळे लालसर, अंग पिवळट-तपकिरी, आकार तिळाएवढा. ती तळ्यातून येत नाहीत, पिकलेल्या फळाच्या आंबूस वासावर येतात. अंडी केळ्याच्या सालीवर, देठाच्या चिरेत, डागाळलेल्या जागी. अंड्यापासून उडणाऱ्या चिलटापर्यंत आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे बाजारातून फणी आणली तेव्हाच बीज घरात आलेलं असतं.

दिवा बंद केल्याने चिलटं जात नाहीत आणि सापळा लावल्याने केमरं जात नाहीत. दोघांचा उपाय एकमेकांना चालत नाही.

गिरणाई

त्यात तिसरा धरा, कारण त्रास होतो तो त्याचाच. लांबट, मुंगीसारखा, पाऊण ते एक सेंटिमीटर, केशरी-काळ्या पट्ट्यांचा, मधोमध निळसर चमकणारं आखूड कवच. धावताना शेपटाकडचा भाग वर उचलतो. ओलीचा, पाणथळ जागेचा किडा आहे, रात्री दिव्यावर येतो. चावत नाही, डंख मारत नाही. पण मानेवर, हातावर चिरडला गेला तर अंगातल्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते. लगेच कळत नाही. साधारण बारा तासांपासून दोन दिवसांत लाल चट्टा, मग फोड. कोपराच्या घडीत चिरडला तर घडीच्या दोन्ही बाजूंना सारखाच चट्टा उठतो.

करायचं एवढंच: अंगावर दिसला तर चापट मारू नका, फुंकर घाला किंवा कागदावर चढवून बाहेर सोडा. चिरडलाच तर ती जागा लगेच साबणाने भरपूर पाण्यात धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका. कणीक मळताना, चुरा करताना उघड्या दिव्याखाली उभं राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवाच. वाळत घातलेले टॉवेल, एप्रन झटकून मग वापरा. डोळ्याजवळ चट्टा उठला तर घरगुती लेप नको, डॉक्टरांना दाखवा.

कळण्याची भाकर

आणि पहिल्या पावसानंतर जे झुंडीने येतात आणि पंख गाळून जमिनीवर रांगतात ती वाळवी. त्यांचा आणि तलावाचा संबंध नाही, ते एक-दोन संध्याकाळींचं काम असतं. जूनमध्ये कडुनिंब-बाभळीवर येणारे हुमणीचे भुंगेरेही वेगळे. आश्विनातल्या चर्चेत ते नकोत.

वाघूरकाठ

आता नीट उलगडलं. मग संध्याकाळी भाजायचं असेल तर दिव्याचं काय करायचं?

तापीतीर

पहिला सल्ला: शक्य असेल तर दुपारी भाजा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला जळगावकडे सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो, महिनाअखेर सहाच्या आत. थवे उठतात ते त्याच्या थोडं आधीपासून, आणि मावळल्यानंतरचा तासभर सर्वात वाईट. पाचपर्यंत भांडं ओव्हनमधून बाहेर आलं तर प्रश्नच उरत नाही.

संध्याकाळीच करायचं असेल तर क्रम पाळा.

साडेपाचला तळ्याकडच्या खिडक्या-दारं लावा. साधी मच्छरजाळी एका इंचात १८×१६ छिद्रांची असते, तिच्यातून बारीक केमरं आत शिरतात; २०×२० ची बारीक जाळी मिळाली तर तीच बसवा. दाराच्या खालची फट कापडाची गुंडाळी करून बुजवा. अर्धी केमरं तिथूनच येतात.

अंगणात, घरापासून २५-३० फुटांवर, एक पांढरा लख्ख दिवा लावा आणि त्याखाली घमेल्यात पाणी ठेवून चमचाभर कपड्यांची पावडर विरघळवा. साबणाने पाण्याचा ताण मोडतो, पडलेला किडा बुडतो. शेतातल्या प्रकाश सापळ्याचंच तत्त्व. घमेल्यात रॉकेल ओतू नका, ते पाणी शेवटी तळ्यातच जातं. हा दिवा घराचे दिवे लावण्याआधी लागला पाहिजे, नंतर लावून उपयोग नाही. नऊ-साडेनऊला बंद करा, रात्रभर ठेवला तर तलावाकडचे उपयोगी कीटकही त्यात येऊन मरतात.

स्वयंपाकघरात पिवळा दिवा. एलईडीच्या खोक्यावर २७०० किंवा ३००० असा आकडा बघून घ्या. ६५०० वाला निळसर-पांढरा दिवा किड्यांना जास्त ओढतो. पिवळ्याने शून्य होत नाहीत, पण फरक डोळ्यांना दिसतो.

सातपुड्याचा वारा

टेबल फॅन राहिला. केमराला उडण्यात जोर नसतो. दाराच्या आतल्या बाजूला फॅन ठेवून हवा बाहेर फेकली तर दार उघडझाप करतानाही आत येत नाहीत. छताचा पंखा मात्र बंद ठेवा, तो आत आलेले किडे गोल फिरवून ओट्यावर पाडतो आणि कोरडं पीठही उडवतो.

कडुनिंबाच्या पाल्याचा धूर अंगणात ठीक. स्वयंपाकघरात नको. तूप आणि पीठ दोन्ही वास ओढून घेतात आणि भाजल्यावर तो वास जात नाही. डासांची अगरबत्ती उघड्या अन्नाजवळ लावू नये हे वेगळं सांगायला नको.

भरीतवांगं

तलावातच औषध मारलं तर? काही गावांत काठाने फवारणी करतात.

तापीतीर

नका करू, आणि करत असतील तर ग्रामपंचायतीला समजावून सांगा. गाळातली अळी माशांचं मुख्य खाद्य आहे. उडणारं केमर पाकोळ्या, वटवाघळं आणि चतुर खातात. पावसाबरोबर येणारा तो पिवळसर चतुर संध्याकाळी शेतावर-तळ्यावर घिरट्या घालतो तो यांच्याचसाठी, आणि त्याची पिल्लं पाण्यात डासांच्या अळ्या खातात. फवाऱ्याने आधी चतुर आणि मासे जातात. केमरं दोन-तीन आठवड्यांत पुन्हा उभी राहतात, चतुराला त्याहून जास्त वेळ लागतो. पुढच्या मोसमात डास जास्त. मूळ इलाज म्हणजे सांडपाणी तलावात न सोडणं.

सकाळी खिडकीखाली मेलेल्या केमरांचा थर असतो तो कोरडा झाडू नका. चुरा झालेल्या किड्यांची धूळ दम्याच्या माणसाला त्रास देते. ओल्या फडक्याने पुसा, फडकं बाहेर धुवा.

मेहरूणबोर

चिलटांचं उरकून टाकते, म्हणजे रेसिपीकडे जाऊ.

फणी घरी आली की वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, पुसा, मग टांगा. देठांच्या जोडावर प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळा. फुटलेलं, सालीला चीर गेलेलं केळं वेगळं काढून त्याच दिवशी वापरा. साली ओल्या कचऱ्यात रात्रभर नकोत.

सापळा: काचेच्या ग्लासात अर्धी वाटी व्हिनेगर, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, वर कागदाचा शंकू, टोकाला पेन्सिलच्या टोकाएवढं भोक. साध्या पांढऱ्या व्हिनेगरला नुसता आंबट वास असतो, फळाचा नसतो, म्हणून त्यात जास्त पिकलेल्या केळ्याचा चमचाभर गर कुस्करून टाका. शंकूचं टोक पातळ पदार्थाला टेकू देऊ नका. दोन-तीन दिवसांनी बदला आणि दोन आठवडे सलग ठेवा. आधी घातलेली अंडी तोवर फुटत राहतात, चार दिवसांत सापळा काढला की "उपयोग झाला नाही" असं वाटतं.

फळ नसतानाही माश्या दिसत असतील तर मोरी बघा. जाळीवर रात्री चिकटपट्टी उलटी लावा, पण सगळं छिद्र झाकू नका. सकाळी पट्टीला केसाळ, पानासारख्या पंखांच्या माश्या चिकटल्या तर त्या मोरीतल्या. पाइपातला चिकट थर ब्रशने खरवडून उकळतं पाणी ओता.

गिरणाई

आता क्रम्बल. ८ इंची भांड्याचं, सहा जणांचं प्रमाण.

फळाचा थर:
केळी सोलून ६०० ग्रॅम, मध्यम आकाराची पाच-सहा
लिंबाचा रस १ मोठा चमचा
किसलेला गूळ ३० ग्रॅम
सुंठ पाव छोटा चमचा, वेलची पाव छोटा चमचा
चिमूटभर मीठ

चुऱ्यासाठी:
कणीक १०० ग्रॅम
दादर ज्वारीचं पीठ ५० ग्रॅम
साखर ७० ग्रॅम
गार घट्ट तूप ६५ ग्रॅम
भाजलेल्या शेंगदाण्याचं भरड कूट ४० ग्रॅम
मीठ पाव छोटा चमचा

केळं कोणतं घ्यायचं यावर अर्धं यश आहे. साल पूर्ण पिवळी, देठाकडे हिरवं नाही, अंगावर बारीक तपकिरी ठिपके नुकते उमटू लागलेले. त्याआधीचं केळं भाजल्यावर पिठूळ आणि तुरट लागतं, कारण स्टार्चची साखर झालेली नसते. काळे डाग मोठे झालेलं केळं गोड असतं पण ओव्हनमध्ये विरघळून खाली रसाचं तळं करतं, चुरा त्यात बुडतो. ते केकसाठी ठेवा.

अर्ध्या इंचाच्या चकत्या करा. त्याहून पातळ केल्या तर लगदा होतो. चिरल्या चिरल्या लिंबाचा रस लावा. केळं काळं पडतं ते हवा लागल्यावर त्यातल्या विकराच्या क्रियेने, आंबटपणात ती मंदावते. शिवाय केळ्याला स्वतःचा आंबटपणा कमी असतो, लिंबाशिवाय हा पदार्थ नुसता गोडमिट्ट होतो. गूळ, सुंठ, वेलची, मीठ घालून हलक्या हाताने भांड्यात पसरा आणि लगेच झाका. केमर पडतं ते याच वेळी, ओल्या गोड पृष्ठभागावर, आणि पडलेलं परत निघत नाही.

चुरा: आपल्याकडे ऑक्टोबर हीटमध्ये पारा पस्तीसच्या घरात असतो, तूप बरणीतच वितळलेलं असतं. पातळ तुपाने चुरा होत नाही, पीठ तूप पिऊन टाकतं आणि ओल्या वाळूसारखा गोळा होतो. तूप मोजून वाटीत घ्या आणि फ्रिजमध्ये घट्ट करा. दोन्ही पिठं, साखर, मीठ एकत्र करून तेही २० मिनिटं फ्रीझरमध्ये. मग बोटांच्या टोकांनी चोळा. तळहात लावू नका, तळहात गरम असतो. ओल्या वाळूत मध्येमध्ये वाटाण्याएवढे खडे असं दिसलं की थांबा. खूण: मूठ दाबली की वळली पाहिजे, बोटाने टोचली की फुटली पाहिजे. वळत नसेल तर छोटा चमचाभर तूप, फुटत नसेल तर दोन चमचे पीठ. शेंगदाण्याचं कूट शेवटी. चुरा पुन्हा १५ मिनिटं फ्रिजमध्ये.

केळ्यांवर चुरा सैल पसरा, दाबू नका. दाबला की वाफ अडकते आणि वर दगडी पापुद्रा, खाली ओलं पीठ.

१८० अंशांवर, दोन्ही कॉइल चालू, मधल्या कप्प्यात ३०-३५ मिनिटं. चुरा बदामी झाला आणि कडेने गुळाचा रस बुडबुडू लागला की झालं. नुसता रंग बघून काढू नका, कडेचे बुडबुडे बघा. बाहेर काढून १५-२० मिनिटं थांबा, रस तेवढ्यात दाटतो.

वाघूरकाठ

तुपाऐवजी लोणी चालेल का? आणि काचेचं भांडं फ्रिजमधून थेट ओव्हनमध्ये?

गिरणाई

बाजारातलं लोणी घेतलंत तर ६५ ऐवजी ८० ग्रॅम घ्या, कारण त्यात पाणी असतं, तुपात जवळजवळ नसतं. खारं असेल तर मीठ गाळा. तुपाचा चुरा जास्त खुसखुशीत आणि रवाळ होतो, लोण्याचा थोडा बिस्किटासारखा.

काचेचं भांडं गार असताना तापलेल्या ओव्हनमध्ये अजिबात नाही, तडकतं. म्हणून फक्त चुरा गार करायचा, भांडं खोलीच्या तापमानाला. तसंच गरम भांडं ओल्या ओट्यावर किंवा ओल्या फडक्यावर ठेवू नका. स्टीलचा खोलगट डबा वापरलात तर ही काळजी नको, फक्त पाच मिनिटं कमी लागतात.

सातपुड्याचा वारा

गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं, त्याचा हिशेब धरा. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३० ऐवजी २०० मिळालं तर ताकद साधारण पाऊणच उरते. ओव्हन आधी तापवायला, म्हणजे प्रीहीटला, १० मिनिटांच्या जागी १४ लागतात आणि भाजायलाही वेळ वाढतो. "कृतीप्रमाणे ३५ मिनिटं ठेवलं तरी पांढरंच" या तक्रारीचं हेच कारण असतं. कमी व्होल्टेजला घड्याळ सोडा, कडेचे बुडबुडे बघा. दर पाच मिनिटांनी दार मात्र उघडू नका, काचेतूनच बघा.

ओटीजीच्या आत दिवा असेल तर तो कामापुरताच लावा. अंधाऱ्या खोलीत तोच एकटा दिवा चालू असला की केमरं काचेवर आणि दाराच्या फटीत बसतात, आणि दार उघडलं की आत. प्रीहीट करण्याआधी ट्रे काढून ओल्या फडक्याने पुसा, मागच्या जाळीत कोरडे किडे अडकलेले असतात, ते तापले की जळका वास येतो.

कळण्याची भाकर

ओव्हन नसलेल्यांसाठी कुकरची पद्धत. शिटी आणि रिंग दोन्ही काढायची. तळात दीड वाटी जाड मीठ, वर लोखंडी स्टँड, झाकण ठेवून मध्यम आचेवर १० मिनिटं तापवायचं. भांडं स्टीलचं, कुकरच्या कडेला न टेकणारं. मग मंद आच, ४० ते ४५ मिनिटं. पाणी घालायचं नाही. कुकर जुना, स्वयंपाकातून बाद झालेला घ्या, कोरड्या आचेने भांडं खराब होतं.

कुकरमध्ये आच खालून येते, वरून नाही. चुरा शिजतो पण बदामी होत नाही. त्यावर इलाज: चुरा करण्याआधी कणीक आणि ज्वारीचं पीठ कढईत मंद आचेवर सात-आठ मिनिटं खमंग भाजून घ्या, पूर्ण गार करा, मग तूप चोळा. लाडवाच्या पिठासारखा वास येतो आणि रंगाची उणीव राहत नाही. भाजलेलं पीठ तूप जरा कमी पितं, ६५ ऐवजी ५५-६० ग्रॅम पुरतं. झाकणाला साचलेली वाफ चुऱ्यावर ठिबकू नये म्हणून झाकणाला आतून स्वच्छ सुती फडकं बांधा, टोकं वर गाठ मारून, आचेपासून दूर.

मीठ गार झालं की डब्यात भरून ठेवा, पुढच्या वेळी तेच. खाण्यात वापरू नका.

भरीतवांगं

बाजरीचं पीठ चालेल का? आणि केळ्याऐवजी सीताफळ? आता मोसम आहे.

मेहरूणबोर

बाजरी चालेल, पण त्याच आठवड्यात दळलेली. बाजरीत तेल जास्त, पीठ जुनं झालं की कडवटतं आणि भाजल्यावर ते जास्त जाणवतं. ज्वारी जास्त खात्रीची.

सीताफळ भाजू नका. गराला जास्त आच लागली की कडसर होतं. बिया काढून गर गार करा आणि ताटलीत गरम क्रम्बलवर चमचाभर घाला, आइस्क्रीमची गरज पडत नाही.

पपई घेतलीत तर पाणी फार सुटतं, ६०० ग्रॅम फोडींना मोठा चमचाभर कॉर्नफ्लोअर आणि दुप्पट लिंबू. पेरू थंडीत, बिया काढून, फोडी आधी पाच मिनिटं वाफवून. आपली मेहरूणची बोरं थंडीत आली की बिया काढलेला ४०० ग्रॅम गर आणि २०० ग्रॅम केळं असं करा. बोराचा आंबटपणा असल्याने लिंबू अर्ध्यावर आणा, गूळ ५० ग्रॅम करा. तोवर केमरंही गेलेली असतात.

वाघूरकाठ

शेवटचं विचारतो. दुपारी करून ठेवलं आणि रात्री पाहुण्यांना द्यायचं असेल तर?

गिरणाई

दोन तासांपर्यंत बाहेर, जाळीच्या झाकणाखाली. घट्ट झाकण गरम असताना ठेवलं तर वाफेने चुरा मऊ पडतो. ओट्यावर चिलटं असतील तर जाळीवर पातळ मलमल टाका, जाळीच्या भोकांतून ती शिरतात. त्याहून जास्त वेळ असेल तर पूर्ण गार करून फ्रिजमध्ये, दोन दिवस चांगलं राहतं.

गरम करताना भांडं आधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा, मग १६० अंशांवर १०-१२ मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये चुरा ओलसर होतो. चार-पाच माणसांनाच द्यायचं असेल तर लोखंडी तव्यावर वाटीभर चुरा वेगळा परतून वरून घाला, पहिल्यासारखा कुरकुरीत लागतो. आणि पानं अंगणात मांडणार असाल तर पांढरा दिवा तिथून २५ फूट लांबच राहू द्या, पानांजवळ पिवळा.